‘पिशवी घेऊन या’: कोडे कुठे अडते आणि का
(वाचकांचे प्रश्न, कोडे-विभागाची उत्तरे)

गेल्या अंकातले ‘पिशवी घेऊन या’ हे शब्दखेळाचे कोडे एका विषयाभोवती रचलेले होते. विषय छापला नव्हता, तो सोडवणाऱ्याने ओळखायचा होता. सूत्र म्हणजे उत्तर सुचवणारी ओळ. तारा लावलेल्या सूत्रांची उत्तरे एकाच कुळातली, पण त्या सूत्रांत कुळाचा उल्लेख मुद्दाम ठेवला नव्हता. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरसंख्या. ज्यांनी कोडे पाहिले नाही त्यांच्यासाठी लागतील ती सूत्रे उत्तरांतच दिली आहेत.

प्रश्न : ‘वारा फिरला, पोपट दिसला (२)’ हे वाचून काहीच सुचले नाही. अशा सूत्राला हात कुठून घालायचा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सूत्राचे दोन तुकडे पाडा. एका तुकड्यात उत्तराचा सरळ अर्थ असतो, दुसऱ्यात अक्षरांचा खेळ. अर्थ नेहमी सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधोमध कधीच नाही. इथे अर्थ ‘पोपट’, खेळ ‘वारा फिरला’. वारा हा शब्द अक्षराअक्षराने उलटा वाचा: रावा. रावा म्हणजे पोपट. ‘दिसला’ हा दोन तुकड्यांना जोडणारा शब्द.

सूत्र वाक्य म्हणून वाचले की डोळ्यांसमोर चित्र उभे राहते आणि त्या चित्रात माणूस अडकतो. ‘रजनी विस्कटली, उमलले कमळ (३)’ वाचल्यावर पहाट दिसते. पहाट सोडा आणि ‘रजनी’ची तीन अक्षरे कागदावर सुटी लिहा: र, ज, नी. जागा बदलल्या की नीरज, म्हणजे कमळ.

मराठीत एक खूण फार कामाची आहे. विभक्ती लागली की शब्दाचे सामान्यरूप होते आणि अक्षरे बदलतात. वाराचे ‘वाऱ्याने’ झाले की ‘रा’ गेला आणि उलटायला काही उरले नाही. म्हणून खेळाचा कच्चा माल असलेला शब्द कोडेकाराला मूळ रूपातच ठेवावा लागतो. सूत्रात एखादा शब्द प्रत्ययाशिवाय, थोडा अवघडून बसलेला दिसला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. याला अपवाद नदीसारख्या शब्दांचा. ‘नदीला’, ‘नदीत’ असे प्रत्यय लागले तरी नदी तशीच राहते, त्यामुळे तिथे ही खूण लपते.

खेळाचा प्रकार क्रियापद सांगते. विस्कटले, ढवळले, उधळले, घुसळले म्हणजे अक्षरांची अदलाबदल. उलटला, फिरला, मागे वळला म्हणजे उलटे वाचन. पोटात, आत, दडलेले म्हणजे शब्द सूत्रातच सलग लपला आहे. ‘आज वसईच्या पोटात तेलबी (३)’ याचे उत्तर ‘आज वसई’मध्ये तसेच्या तसे आहे: जवस. डोके उडाले, शेंडा खुडला, टोक तुटले म्हणजे एखादे अक्षर गळाले.

प्रश्न : तारांकित सूत्रांत अर्थच नसेल तर उत्तर बरोबर आहे हे ठरवायचे कसे? आणि विषय तरी कसा ओळखायचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : विषयावर आधी डोके लढवू नका. बिनताऱ्याची सूत्रे अर्थ आणि खेळ अशा दोन्ही बाजूंनी तपासता येतात, ती आधी सोडवा. मिळालेली अक्षरे तारांकित ओळींत उतरली की त्यातली जोड-सूत्रे, म्हणजे दोन तुकडे जोडून उत्तर देणारी सूत्रे, हाताशी घ्या. त्यांत अर्थ नसला तरी तुकडे पक्के असतात, म्हणून ती सर्वांत लवकर फुटतात.

‘चांगले युद्ध (३)’ पाहा. चांगले म्हणजे ‘सु’, युद्ध म्हणजे ‘रण’. सुरण. ‘उचल, पावाबरोबर खातात तो (३)’ म्हणजे घे आणि वडा: घेवडा. दोन उत्तरे शेजारी आली आणि शीर्षकात पिशवी आहे, म्हणजे आपण भाजीमंडईत आहोत. दोन उत्तरांवर विषयाचा अंदाज बांधा, तिसऱ्यावर शिक्कामोर्तब करा. एका उत्तरावर विषय ठरवू नका. एकटा ‘पालक’ हाती असता तर कुटुंब किंवा शाळा हा विषयही तितकाच खरा वाटला असता.

विषय कळल्यावर समासात अक्षरसंख्येनुसार यादी करा. दोन अक्षरी: मेथी, माठ, चुका, शेपू, मुळा, भेंडी, कोबी, अळू, वांगी. तीन अक्षरी: पालक, गवार, चवळी, दोडका, कारले, अंबाडी, टोमॅटो. चार अक्षरी: पडवळ, चाकवत, राजगिरा, कोथिंबीर. पण यादी हा नुसता संशयितांचा तक्ता आहे. जागा मोकळी दिसली म्हणून त्यातला शब्द कोंबला की कोडे बिघडते, कारण तारांकित सूत्रात पडताळा घ्यायला खेळाशिवाय दुसरे काही नसते. नियम सरळ आहे: खेळ अक्षर न् अक्षर जुळला तरच पेनाने लिहा, नाहीतर पेन्सिलीने.

‘जनावराच्या मागच्या अवयवाचे टोक तुटले (२)’ इथे शेपूटमधला ट गेला, शेपू उरली. ‘उलटा केला तरी तसाच (३)’ हे यादीशिवाय सुटणे कठीण, यादी असेल तर क्षणात सुटते: टो-मॅ-टो. ‘एक सूर, एक दिवस (३)’ मध्ये सात सुरांपैकी ग आणि दिवस म्हणजे वार, म्हणून गवार. सा, रे, ग, म, प, ध, नी ही कोडेकाराची आवडती एकाक्षरी नाणी. त्यांच्या जोडीला सु, कु, अ हे उपसर्ग, ये, जा, घे, दे ही आज्ञार्थी रूपे, मे महिना आणि श्री, सौ, डॉ, प्रा ही संबोधने लक्षात ठेवा.

प्रश्न : ‘पुण्यातून वाहते (२)’ याचे उत्तर मी ‘मुठा’ लिहिले. मुठा पुण्यातून वाहत नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वाहते, आणि पहिले अक्षरही तेच, त्यामुळे ‘मु’वरून जाणाऱ्या शब्दाने चूक पकडून दिली नाही. पण सूत्र तारांकित आहे. उत्तर नदीही हवे आणि विषयातलेही हवे. मुठा नावाची भाजी नाही, मुळा आहे.

या प्रकाराला श्लेष-सूत्र म्हणतात. यात अक्षरांची मोडतोड नसते, एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि विषयबद्ध कोड्यात त्यातला एक अर्थ विषयाने गिळलेला असतो. ‘शाळेच्या सभेला बोलावतात (३)’ म्हणजे पालक. ‘अंताक्षरीत हरणाऱ्यावर चढते (२)’ म्हणजे भेंडी. ‘गुरुजी वहीत लाल शाईने दाखवतात (२)’ म्हणजे चुका. सूत्रात विस्कटणे, उलटणे, तुटणे असे काहीच दिसले नाही तर श्लेष धरून चाला आणि यादीतल्या प्रत्येक शब्दाला विचारा, तुला भाजीखेरीज दुसरा अर्थ आहे का? माठाला तर दोन जादा अर्थ आहेत, पाण्याचे भांडे आणि मठ्ठ माणूस.

प्रश्न : ‘कोसळ, मग मागे फिर (४)’ मध्ये ‘पड’ उलटा केला तर ‘डप’ होते. पुढे गाडी जात नाही. (एक वाचक, लातूर)

उत्तर : ‘मागे फिर’ ही इथे खेळाची खूण नाही, तो स्वतःच एक तुकडा आहे. कोसळ म्हणजे पड, मागे फिर म्हणजे वळ. पडवळ.

हा सापळा प्रामाणिक आहे, कारण अंकगणित तुम्हाला सावध करते. उत्तर चार अक्षरी आणि ‘पड’ची अक्षरे दोनच, मग उलटून चार येणार कुठून? कुठलाही खेळ सुरू करण्याआधी माल मोजा. उलटे वाचन आणि अदलाबदल यांत मालाची अक्षरे उत्तराइतकीच हवीत, गळतीत एक-दोन जास्त आणि जोडीत तुकड्यांची बेरीज बरोबर तेवढी. या मोजणीने निम्मे चुकीचे रस्ते तिथेच बंद होतात.

प्रश्न : शेपूच्या ‘पू’वरून खाली जाणारा शब्द मी ‘पुस्तक’ धरला. अक्षरसंख्या जुळते, तरी उत्तर चुकीचे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चौकटीत अक्षर मात्रेसकट बसते आणि आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत ते तंतोतंत तेच असावे लागते. शेपूचा पू दीर्घ, पुस्तकाचा पु ह्रस्व. तिथे पूजन, पूरक, पूर्वज बसेल, पुस्तक किंवा पुरावा बसणार नाही.

इथे शुद्धलेखनाचे नियमच तुमचे हत्यार होतात. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहितात, ‘आणि’सारखे मोजके अपवाद सोडून. म्हणजे आडव्या शब्दाची शेवटची चौकट इकारान्त किंवा उकारान्त असेल तर तिच्यातून जाणाऱ्या उभ्या शब्दातही तेच अक्षर दीर्घ असणार, आडवे उत्तर अजून सापडले नसले तरी. तसेच अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर सहसा दीर्घ असते: कापूस, शेपूट, फकीर. तत्सम शब्द मात्र याला जुमानत नाहीत: गुण, विष, मंदिर.

अदलाबदलीत आणि उलट वाचनात मात्रा आपल्या अक्षराबरोबर जाते. ‘नदी उलटी वाहिली, गरीब (२)’ याचे उत्तर दीन. ‘दिन’ लिहिले तर अर्थही गेला आणि खेळही.

मोजताना जोडाक्षर एकच धरा, रफार पुढच्या अक्षरावर असतो हेही विसरू नका. प्रश्न दोन अक्षरी, विद्यार्थी तीन अक्षरी, महाराष्ट्र चार अक्षरी. लोणावळ्याजवळच्या लेण्यांचे कार्ले दोन अक्षरी, भाजीचे कारले तीन अक्षरी. दोन्हींचा श्लेष करणारे सूत्र आले तर ते सदोष समजा.

प्रश्न : मी इंग्रजी गूढ कोडी नियमित सोडवते. मराठीत कोणत्या सवयी मोडाव्या लागतील? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : पाया तोच आहे. ‘द ऑब्झर्व्हर’साठी १९३९ पासून ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी सूत्राची जी शिस्त घालून दिली, म्हणजे नेमका अर्थ, न्याय्य खेळ आणि त्याखेरीज काही नाही, ती मराठीलाही लागू पडते.

फरक चौकटीत आहे. इंग्रजीत चौकटीत २६ पैकी एक अक्षर येते. मराठीत ‘क’पासून ‘ळ’पर्यंत ३४ व्यंजने आणि बाराखडी धरली तरी ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ शक्यता होतात. जोडाक्षरे वेगळीच. म्हणून मराठी जाळ्यात काळ्या चौकटी जास्त आणि छेद, म्हणजे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना कापतात त्या चौकटी, कमी असतात. पण मिळालेला एक छेद फार बोलतो. तीन अक्षरी शब्दात मधले ‘व’ कळले की नुसत्या ‘w’पेक्षा कितीतरी जास्त माहिती हाती येते: घेवडा आणि चवळी अशी जोडी एकदम डोळ्यांसमोर येते, त्यातून हवा तो शब्द वेगळा करायला सूत्र पुरते. तेव्हा इंग्रजीतल्यासारखी पाच-सहा छेदांची वाट पाहत बसू नका, एका छेदावर यादी चाळा.

दुसरे, इंग्रजीतली ‘ऐकायला सारखे’ या जातीची सूत्रे मराठीत विरळ. आपण बहुतेक जसे बोलतो तसे लिहितो. उरतात ती दिन-दीन, शिर-शीर अशा ह्रस्व-दीर्घाच्या जोड्या. ‘म्हणे’, ‘ऐकले’, ‘कानावर आले’ असे शब्द दिसले की वेलांटी आधी तपासा.

प्रश्न : असे विषयबद्ध कोडे स्वतः रचायचे तर जाळे आधी की शब्द आधी? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : विषयाचे शब्द आधी. नऊ चौकटी रुंद आणि नऊ उंच जाळ्यात सहा ते आठ विषयशब्द पुरतात. ते आधी बसवा, काळ्या चौकटी नंतर भरा. ‘भें’, ‘तों’, ‘थिं’, ‘मॅ’, ‘ष्ट्र’ अशी अक्षरे छेदावर येऊ देऊ नका, त्यांना दुसरा शब्द मिळवताना घाम फुटतो. छेदासाठी का, र, ल, व, मा, सा, ता ही सोपी अक्षरे निवडा. प्रत्येक तारांकित उत्तराला निदान एक छेद बिनताऱ्याच्या शब्दाचा द्या, नाहीतर ज्याला विषय सापडला नाही त्याच्यासाठी तो कोपरा बंदच राहतो. सूत्रे लिहून झाल्यावर ती विषय न सांगता दुसऱ्या कुणाला तरी सोडवायला द्या आणि ज्या सूत्राला दोन उत्तरे निघतील ते बदला. ‘पुण्यातून वाहते’ हे सूत्र तारा न लावता छापले असते तर मुठा आणि मुळा दोन्ही बरोबर ठरले असते.