प्राणिसंग्रहालयातल्या वॉलाबीला (कांगारूसारखा छोटा प्राणी) ब्रेड दिला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं, कृपया देऊ नका. मऊ ब्रेड दाढांच्या फटीत अडकतो, हिरडी सुजते, लेंड्यांनी घाण झालेल्या जमिनीतले जिवाणू आत शिरतात आणि जबड्याचं हाड सडू लागतं. हाच 'लंपी जॉ'. बरा झाला तरी अनेकदा उलटतो. गाल सुजलेला, हनुवटी लाळेने ओली, घास तोंडातून गळतोय असं दिसलं, तर तिथल्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या जंगलातली ३ ते ६ किलोची पार्मा जातीची वॉलाबी रात्री गवत चरत हिंडते. कुंपणात मात्र रोज त्याच, लेंड्या पडलेल्या जमिनीवर खावं लागतं. म्हणून सुकं गवत उंच गव्हाणीतच द्यावं, लेंड्या रोज उचलाव्यात. कुसळांचं गवतही नको, कुसळं हिरडीत रुततात.