जुन्या सांगाड्यांवरून श्वसनाचे आजार ओळखता येतात का?

आपण विचारले आहे की, गावाजवळच्या वावरात नांगरणी करताना दगडांच्या जुन्या वर्तुळातून हाडांचे तुकडे आणि काही दात वर आले. फुफ्फुसे तर केव्हाच मातीत विरून गेली, मग त्या माणसांना दमा, खोकला किंवा क्षय होता की नाही, हे आता कोणी सांगू शकेल काय? मी काही वर्षे उत्खननात निघालेल्या सांगाड्यांच्या नोंदी करण्याचे काम केले आहे आणि माझे लहानपण वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दम्यापुरते उत्तर 'नाही' असेच आहे, कारण दमा हाडावर ओळखू येईल अशी खूण ठेवत नाही. चार-आठ दिवसांत माणसाला नेणारा न्यूमोनियाही ठेवत नाही. दाह काही आठवडे किंवा महिने टिकला तरच हाडाच्या पृष्ठभागावर नव्या हाडाचा थर धरतो. त्यामुळे आम्हाला आजाराचे नाव क्वचितच वाचता येते. येथे दाह दीर्घकाळ होता, एवढेच बहुतेक वेळा कळते.

हे सर्वांत चांगले कळते ते वरच्या जबड्यातील पोकळीत, म्हणजे डॉक्टर ज्याला मॅक्सिलरी सायनस म्हणतात तिथे. या पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते, त्यामुळे आतला चिकट स्राव आपोआप वाहून जात नाही. आतील अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर ढकलत नेतात. धुराने, धुळीने किंवा वारंवार होणाऱ्या संसर्गाने हे केस निकामी झाले की स्राव साचतो, अस्तर सुजते आणि खालच्या हाडावर परिणाम होतो. निरोगी पोकळीचा तळ बोटाला गुळगुळीत लागतो. आजारी पोकळीत बारीक छिद्रे, काट्यांसारखे उंचवटे, कधी ज्वारीच्या पापडासारखा खरबरीत पापुद्रा दिसतो. एक गंमत अशी की, आम्हाला फुटकी कवटी अधिक उपयोगी पडते, कारण ती हातात घेऊन टॉर्च धरला की काम होते. अखंड कवटीत मात्र एंडोस्कोप घालावा लागतो. तळ खरबरीत दिसला तरी आधी दाढा तपासाव्या लागतात, कारण किडलेल्या दाढेच्या मुळाशी झालेला गळू वर फुटूनही हीच अवस्था होते आणि मग तिचा श्वासाशी संबंध जोडणे चुकीचे ठरते.

इंग्लंडमध्ये मध्ययुगीन सांगाड्यांवर या दृष्टीने बरेच काम झाले आहे. यॉर्क शहरातील सेंट हेलन चर्चच्या दफनभूमीत सुमारे 55 टक्के व्यक्तींत सायनसच्या दाहाच्या खुणा मिळाल्या, तर व्हॅरम पर्सी या शेतकरी खेड्यात सुमारे 39 टक्के व्यक्तींत. शहरातील दाटी आणि धूर हे कारण पटते. परंतु मला त्या 39 टक्क्यांचे महत्त्व अधिक वाटते. खेड्यातील हवा मोकळी असली, तरी चूल घरातच असते. पावसाळ्यात ओलसर पऱ्हाट्या पेटवताना माझी आजी फुंकणीवर वाकलेली असे आणि धूर निघायला वाट म्हणजे कौलांमधील फटी तेवढ्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी जागा म्हणजे फासळ्यांची आतली, फुफ्फुसाकडची बाजू. दाह चालू असतानाच मृत्यू आला असेल, तर तिथला नवा थर करडा आणि सच्छिद्र असतो. बरे झाल्यावर तो घट्ट व गुळगुळीत होतो. अमेरिकेतील टेरी संग्रहात मृत्यूचे कारण नोंदलेले सांगाडे आहेत. त्यांत क्षयाने गेलेल्यांपैकी सुमारे 62 टक्क्यांच्या फासळ्यांवर अशा खुणा होत्या, पण फुफ्फुसाच्या इतर आजारांनी गेलेल्या सुमारे 22 टक्क्यांतही त्या होत्या. म्हणून नुसत्या फासळीवरून क्षय म्हणणे धाडसाचे. पाठीच्या मणक्यांचा पुढचा भाग कोसळून कुबड आले असेल, तर क्षयाचा संशय बराच पक्का होतो, आणि हाडात टिकलेल्या जंतूंच्या डीएनएवरून त्याची खातरजमाही करता येते. मात्र उपचार न झालेल्या क्षयातही हाडापर्यंत रोग पोहोचतो तो शंभरातील तीन ते पाच जणांत.

खूण दिसली म्हणजे माणूस अधिक दुबळा होता, असा अर्थ आपण सहज काढतो. तो फसवा आहे. खूण उमटायला माणूस आजार सोसत जगलेला असावा लागतो. जो पहिल्याच झटक्यात गेला, त्याची हाडे स्वच्छ राहतात. हा पेच 1992 मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी नेमका मांडला आणि तेव्हापासून टक्केवारी पाहून घाईने निष्कर्ष काढणे थोडे कमी झाले आहे. थोडेच.

आता आपल्या भागाविषयी. नागपूरजवळचे जुनापाणी, तसेच माहुरझरी व नायकुंड येथील शिळावर्तुळे लोहयुगातील आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे, आणि त्या भट्टीशी उभे राहणाऱ्यांच्या जबड्यांत काय दिसले असते, हा विचार मला अनेकदा सतावतो. अडचण जमिनीची आहे: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दरवर्षीच्या या ओढाताणीत पोकळीभोवतालचे पातळ हाड टिकणे कठीण होते. पुणे जिल्ह्यातील इनामगावला दोनशेहून अधिक दफने अभ्यासाला मिळाली. इकडे बहुधा तुकड्यांवरच भागवावे लागते.

म्हणूनच आपण दातांचा उल्लेख केला, ते मला महत्त्वाचे वाटले. दातांवर जमलेले किटण दगडासारखे घट्ट होते आणि तोंडावाटे आत गेलेले कोळशाचे सूक्ष्म कण त्यात अडकून राहतात; इस्राएलमधील केसेम गुहेत तीन लाख वर्षांहून जुन्या दातांच्या किटणातही असे कण मिळाले आहेत. तेव्हा ते दात धुऊ नका, ब्रशने घासू नका, त्यांना लागलेली माती तशीच राहू द्या. कोरड्या कागदात गुंडाळून, कोणत्या जागी व किती खोलीवर मिळाले ते त्यावर लिहून ठेवा, उरलेले वर्तुळ उकरू नका आणि तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा.