हिपॅटायटिस सी काहींचा आपोआप जातो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो, हे जीन्समुळे असतं का?

हो, बऱ्यापैकी. २००९ मध्ये १९ नंबरच्या क्रोमोझोमवर आयएल२८बी जीनजवळ एक छोटा फरक सापडला, तिथे आई आणि वडील दोघांकडूनही 'सी' हे डीएनएचं अक्षर आलं असेल (म्हणजे 'सीसी') तर शरीर व्हायरसला स्वतःच घालवण्याची शक्यता बरीच वाढते, आणि हा सीसी प्रकार पूर्व आशियात खूप पण आफ्रिकन वंशाच्या लोकांत कमी, त्यामुळे जुनी इंटरफेरॉन इंजेक्शनांची ट्रीटमेंटही सगळ्यांना सारखी लागू पडायची नाही.

हिपॅटायटिस बी मध्ये मात्र वयाचाच फरक मोठा, जन्मताना लागण झाली तर १०० पैकी साधारण ९० बाळांत तो राहतोच, म्हणून २४ तासांत लस द्याच प्लीज.

हिपॅटायटिस सी निघाला तर या आयएल२८बी जीन टेस्टवर पैसे घालवू नका, आताच्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे होतात, सीसी असो वा नसो.