ज्वलनरोधी टायटॅनियम: आधी उष्णतेचा जमाखर्च मांड

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरसाठी (आत येणारी हवा दाबणाऱ्या भागासाठी) ज्वलनरोधी टायटॅनियमवर काम करायचं ठरवलंस, तर एक गोष्ट पहिल्या दिवशीच पक्की कर. ज्वलनरोधी म्हणजे कधीच न पेटणारा मिश्रधातू नव्हे. ठिणगी पडली तरी आग पसरू नये, जागच्या जागी विझावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

म्हणून वहीत सर्वांत आधी उष्णतेचा जमाखर्च मांड. एक किलो टायटॅनियम पूर्ण जळलं की सुमारे १९.७ मेगाज्यूल उष्णता निघते. लोखंडाची ७.४, निकेलची जेमतेम ४. ही झाली जमा. खर्चाच्या बाजूला उष्णतावाहकता लिही: निकेल ९० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तर ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा नेहमीचा टायटॅनियम मिश्रधातू फक्त ७. उष्णता भरमसाट आणि तिला जायला वाट नाही. सगळं दुखणं इथेच आहे.

आता कॉम्प्रेसरच्या फिरत्या पात्याचं टोक केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासतंय असं डोळ्यांसमोर आण. कड पातळ, त्यामुळे घर्षणाची उष्णता तिथेच साठते. एरवी धातूला सांभाळणारा ऑक्साइडचा पापुद्रा खरवडला जातो आणि उघडा धातू दाबाखालच्या, वेगवान, गरम हवेसमोर येतो. टायटॅनियमचा वितळणबिंदू १६६८ अंश सेल्सिअस. पण हवेत ते वितळण्याआधीच पेट घेतं. पापुद्र्याचं मोल किती, हे एका गोष्टीवरून कळेल: सुमारे २५ बार दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये टायटॅनियमचा ताजा तुटलेला पृष्ठभाग खोलीच्या तापमानालाही पेटतो. पेटल्यावर वितळलेले थेंब हवेबरोबर मागे उडतात, पुढच्या टप्प्याच्या स्थिर पात्यांना चिकटतात आणि त्यांनाही पेटवतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. म्हणूनच टायटॅनियमवर टायटॅनियम घासेल अशी रचना टाळतात आणि स्थिर पाती किंवा केसिंग पोलादाचं वा निकेल मिश्रधातूचं ठेवतात. वजन वाढतं, ते सोसावं लागतं.

ते वजन वाचवायला दोन वाटा निघाल्या. पहिली, प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी इंजिन कंपनीची. तिच्या 'ॲलॉय सी' या टायटॅनियम मिश्रधातूत वजनाने ३५ टक्के व्हॅनेडियम आणि १५ टक्के क्रोमियम असतं. एफ-२२ या लढाऊ विमानाच्या एफ-११९ इंजिनात तो वापरला गेला. ही दोन्ही मूलद्रव्यं जळताना टायटॅनियमपेक्षा कमी उष्णता देतात. व्हॅनेडियमचा ऑक्साइड ६९० अंशांच्या सुमारास वितळतो, पुढे त्याची वाफही होते आणि ती उष्णता घेऊन जाते. क्रोमियममुळे ऑक्साइड दाट बनतो. यातलं कोणतं कारण किती वाटा उचलतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा प्रबंधात एकालाच सगळं श्रेय देऊ नकोस. बर्मिंगहॅम विद्यापीठात व्हॅनेडियम २५ टक्क्यांवर आणलं, २ टक्के ॲल्युमिनियम आणि ०.२ टक्का कार्बन घातला. व्हॅनेडियम महाग, म्हणून ही काटकसर; शिवाय कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कण मिश्रधातूतला ऑक्सिजन शोषून घेतात आणि ठिसूळपणा कमी होतो. मला ही युक्ती फार आवडते.

दुसरी वाट रशियन, तांब्याची. तांबं आणि टायटॅनियम मिळून जो भाग तयार होतो तो हजार अंशांच्या आसपासच वितळतो. घासलेल्या जागी हा द्रव वंगणासारखा पसरतो, घर्षण कमी होतं आणि वितळण्यात उष्णताही खर्ची पडते.

एक गफलत मात्र हमखास होते: जळण्याला विरोध आणि ऑक्सिडेशनला (न पेटता हळूहळू ऑक्साइड बनण्याला) विरोध या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. जो व्हॅनेडियम ऑक्साइड आगीत उपयोगी पडतो, तोच दीर्घकाळ गरम राहिलेल्या भागावर संरक्षक थर टिकू देत नाही. म्हणून दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या कर. ज्वलनाचा निकाल लिहिताना हवेचा दाब, वेग, तापमान आणि नमुन्याची जाडी या चारही गोष्टी नोंदव. त्यांच्याशिवाय दोन मिश्रधातूंची तुलना करता येत नाही. जाडीकडे विशेष लक्ष दे: तोच धातू पातळ कडेला पेटेल आणि जाड ठोकळ्यात विझेल.

नमुने कापताना धारदार टूल आणि भरपूर कूलंट वापर, टूल घासत ठेवू नकोस. बारीक चिप्स रोजच्या रोज झाकणाच्या लोखंडी डब्यात काढ. पेटल्याच तर पाणी अजिबात नको, त्यातून हायड्रोजन निघतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नको, तापलेलं टायटॅनियम त्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतं. यंत्राशेजारी पूर्ण कोरड्या मिठाची किंवा वाळूची बादली ठेव आणि ती ओली झाली नाही ना, हे दर आठवड्याला हात घालून बघ.