हलवायचं काय, थांबवायचं काय: हौशी ॲनिमेटरांचे प्रश्न

टीव्हीवरची कार्टून बघता बघता स्वतःचं कार्टून करायला घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे हिशेब सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या २४ स्थिर दृश्यांचा आहे.

प्रश्न: जुन्या टीव्ही कार्टूनमध्ये कितीतरी वेळ पात्राचं फक्त तोंड हलतं. मागून तेच झाड पुन्हा पुन्हा जातं. तरी बघायला मजा येते. मी मात्र प्रत्येक फ्रेम काढायला बसलो आणि चार सेकंदांतच थकलो. त्यांना नेमकं काय जमलेलं असतं?

उत्तर: काय हलवायचं नाही, हे त्यांनी आधी ठरवलेलं असतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे दोघं एमजीएम कंपनीच्या कार्टून स्टुडिओत चित्रपटगृहांत दाखवायची छोटी कार्टून करत. तो स्टुडिओ बंद झाल्यावर १९५७ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. टीव्हीसाठी पैसा कमी होता आणि वेळ त्याहून कमी. मग त्यांनी पात्राचे भाग पाडले. धड एका पारदर्शक सेलवर (प्लॅस्टिकच्या तावावर), डोकं दुसऱ्या, हात तिसऱ्या. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आणि टाय तिथे उगाच आलेली नाही. धड स्थिर ठेवून वर नुसतं डोकं बदललं, तर मानेचा सांधा कॉलरखाली झाकला जातो. जपानमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या ‘ॲस्ट्रो बॉय’ मालिकेत ओसामू तेझुका यांच्या स्टुडिओने अनेकदा एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरलं आणि काढलेली चित्रं साठवून पुढच्या भागांत पुन्हा वापरली.

तुमच्यासाठी याचा हिशेब असा. २० सेकंदांच्या प्रसंगाला ४८० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी २४० चित्रं होतात. तोच प्रसंग भाग पाडून करा: शरीराच्या मुख्य पोझ ६, एका पोझमधून दुसरीत जाताना मधली ३ याप्रमाणे १५, डोक्याचे समोरून, पाऊण बाजूने आणि पूर्ण बाजूने असे ३ कोन, प्रत्येक कोनासाठी ७ तोंडं म्हणजे २१, पापण्यांची अर्धी मिटलेली आणि पूर्ण मिटलेली अशी प्रत्येकी २ म्हणजे ६, आणि चालण्याची ८. एकूण ५९. वाचलेला सगळा वेळ त्या ६ पोझवर घाला. पोझ पूर्ण काळ्या रंगाने भरून बघा. नुसत्या सावलीवरून पात्र काय करतंय ते कळत नसेल, तर मधली चित्रं कितीही वाढवली तरी कळणार नाही.

यात हमखास बिघडणाऱ्या गोष्टी दोन. तोंडाचं चित्र लहान-मोठं करून बसवलं की त्याची रेघ चेहऱ्याच्या रेघेपेक्षा बारीक किंवा जाड दिसते, म्हणून तोंडं मूळ मापातच काढा. दुसरी गोष्ट, पोझ बदलल्यावर पात्र एकदम गोठतं. शेवटची पोझ जराशी ओलांडून पुढे जाणारं एक चित्र २ फ्रेम ठेवा आणि मग पात्र मूळ पोझवर आणा. त्यानंतर ते एक सेकंद हललं नाही तरी खटकत नाही. त्याहून जास्त थांबायचं असेल तर एकदा पापणी मिटवा: अर्धी २ फ्रेम, पूर्ण २ फ्रेम, पुन्हा अर्धी २ फ्रेम.

प्रश्न: लिपसिंकसाठी, म्हणजे तोंड आवाजाशी जुळवण्यासाठी, इंग्रजी तक्ते मिळतात. त्यातली तोंडं मराठी संवादाला लावली की काहीतरी चुकल्यासारखं दिसतं. मराठीसाठी किती तोंडं लागतात?

उत्तर: सात पुरतात. पण ती लिहिलेल्या अक्षरांवरून लावायची नाहीत, ऐकू येणाऱ्या उच्चारावरून लावायची. चुकल्यासारखं दिसण्याचं मुख्य कारण हेच असतं.

पहिलं, ओठ पूर्ण मिटलेले: प, ब, भ, म आणि ‘फळा’मधला फ. दुसरं, अर्धवट उघडं: अ, आणि क, ग, ट, ड, ह असे बहुतेक वर्ण. तिसरं, मोठं उघडं: आ, ॲ. चौथं, कडेला ताणलेलं आणि दात दिसणारं: इ, ई, ए. च, ज, झ, स, श यांनाही हेच चालतं, फक्त दातांतली फट कमी करा. पाचवं, गोल: उ, ऊ, ओ, औ. सहावं, वरचे दात खालच्या ओठावर: व, आणि ‘फोन’ म्हणताना बरेच जण करतात तो फ. सातवं, दातांमागे जीभ दिसणारं: ल, त, थ, द, ध, न.

आता उच्चाराच्या खुब्या. ‘करतो’ आपण ‘कर्तो’ असं म्हणतो. मधल्या र-साठी वेगळं अ-चं तोंड लावलं की पात्र अक्षरं जोडून वाचतंय असं वाटतं. ‘थांब’मधल्या अनुस्वाराला ओठ मिटतात, कारण पुढे ब आहे. ‘सांग’मधल्या अनुस्वाराला मिटत नाहीत. अवघड ओळ आली की आरशासमोर म्हणून बघा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मिटलेले ओठ. बाकीची तोंडं थोडी ढिली चालतात, पण प-ब-म ला ओठ मिटले नाहीत तर ते बघणाऱ्याला लगेच खटकतं. मिटलेलं तोंड कमीत कमी २ फ्रेम ठेवा. एकाच फ्रेमचं असेल तर ते दिसतच नाही. शब्द भराभर असतील तर त्या २ फ्रेम पुढच्या स्वरातून न घेता आधीच्या स्वरातून कापून घ्या.

उदाहरणादाखल ‘बाबा, माझी वही कुठे?’ ही दीड सेकंदाची, म्हणजे ३६ फ्रेमची ओळ घेऊ. फ्रेम १-२ मिटलेलं, ३-६ मोठं, ७-८ मिटलेलं, ९-१३ मोठं (स्वल्पविरामाचा थांबा यातच आला), १४-१५ मिटलेलं, १६-१८ मोठं, १९-२२ ताणलेलं, २३-२४ व-चं, २५-२८ पुन्हा ताणलेलं, २९-३१ गोल, ३२-३६ ताणलेलं. ‘ठे’मधल्या ठ-ला स्वतंत्र तोंड दिलेलं नाही आणि त्याची गरजही नाही. प्रत्येक व्यंजनाला तोंड देत बसलात तर तोंड फडफडतं.

हा तक्ता आवाजाशी तंतोतंत जुळवून झाला की तोंडांचा सगळा लेयर (थर) २ फ्रेम आधी सरकवा. तोंड आवाजाच्या किंचित आधी बदललेलं डोळ्याला बरोबर वाटतं, उशिरा बदललेलं लगेच चुकीचं वाटतं. यासाठी आवाज आधी ध्वनिमुद्रित झालेला हवा, हे ओघाने आलंच. चित्रं आधी काढून मग त्यावर बोलणं हौशी माणसासाठी दुप्पट कष्टाचं ठरतं.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी कागदावर चित्रं काढतो आणि मोबाइलने फोटो घेतो. व्हिडिओ केला की चित्र उड्या मारतं आणि उजेड लुकलुकतो. महागडी सामग्री न घेता हे थांबेल का?

उत्तर: थांबेल. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

चित्र उड्या मारतं, कारण प्रत्येक कागद वेगळ्या जागी बसतो. कागद एकाच जागी अडकवणाऱ्या व्यावसायिक पट्टीला, म्हणजे पेगबारला, तीन खुंट्या असतात, मधली गोल आणि बाजूच्या दोन चपट्या. त्याची गरज नाही. दोन भोकांच्या साध्या ऑफिस पंचची भोकं ८० मिमी अंतरावर आणि साधारण ६ मिमी व्यासाची असतात. त्याच मापाच्या लाकडी काडीचे दोन तुकडे, कागदाच्या वर ८-१० मिमी राहतील एवढे, जाड पुठ्ठ्यावर पक्के चिकटवा. काडी भोकात घट्ट बसायला हवी. सैल असेल तर तिच्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. सगळे कागद चित्रं काढण्याआधीच पंच करा, आणि पंचचा मधोमध दाखवणारा खुणेचा काटा दर वेळी त्याच जागी ठेवा. खुंट्या कागदाच्या खालच्या कडेला ठेवलेल्या बऱ्या, म्हणजे चार-पाच कागद बोटांत धरून उलटसुलट करत हालचाल तपासता येते. कागद ७० ते ८० जीएसएमचा घ्या. याहून जाड कागदातून लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या पाटावर) खालची तीन चित्रं दिसत नाहीत. मोबाइलही स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर पक्का बसवा आणि बटण हाताने न दाबता टायमरने किंवा रिमोटने फोटो घ्या.

लुकलुक होते, कारण मोबाइल प्रत्येक फोटोसाठी उजेड, रंगछटा आणि फोकस नव्याने ठरवतो. चित्रात काळा रंग थोडा वाढला की तो पूर्ण कागद उजळ करतो. कॅमेऱ्याच्या मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स आणि फोकस पक्के करा. मॅन्युअल मोड नसेल तर उजेड पक्का करणारा एक्सपोजर लॉक तरी वापरा. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा. त्याहून वेगवान शटरला काही दिव्यांचा उजेड कधी जास्त, कधी कमी पकडला जातो. खिडकी झाका, कारण ढग सरकला तरी उजेड बदलतो. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा. कागदाचे कोपरे वर येत असतील तर वर काच ठेवा, पण मग काचेत मोबाइलचं प्रतिबिंब पडत नाही ना ते तपासा. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: फोटो घेताना तुम्ही दर वेळी वेगळ्या जागी उभ्या राहिलात तर तुमच्या कपड्यांवरून परतणारा उजेडही कागदावर बदलतो.

प्रश्न: माझं पात्र तिसऱ्या-चौथ्या सेकंदापर्यंत हळूहळू जाड होत जातं. ओनियन स्किन (आधीचं चित्र फिकट दाखवणारी सोय) चालू ठेवूनही असं का होतं?

उत्तर: तुम्ही प्रत्येक चित्र त्याच्या आधीच्या चित्रावरून काढता म्हणून. प्रत्येक वेळची केसभर चूक पुढच्या चित्रात जमा होत जाते. आधी चित्र १ आणि चित्र ९ पक्की करा, दोन्ही पात्राच्या मापाच्या तक्त्यावर ठेवून ताडून बघा. मग त्या दोघांवरून ५, मग १ आणि ५ वरून ३, ५ आणि ९ वरून ७, आणि शेवटी सम क्रमांक. हालचालीची सुरुवात आणि शेवट मंद हवा असेल तर मधली चित्रं टोकांकडे दाटीने ठेवा. डोकं आणि हात सरळ रेषेत न नेता कमानीत न्या.

प्रश्न: चालताना पाय जमिनीवर घसरतात.

उत्तर: टेकलेला पाय प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने मागे गेला पाहिजे आणि पार्श्वभूमीही तेवढीच सरकली पाहिजे. आठ चित्रांच्या चालीत एका पावलाला चार चित्रं: टाच टेकते, शरीर खाली बसतं, दुसरा पाय जवळून पुढे जातो, शरीर वर उचललं जातं. टेकलेला पाय दर चित्राला ४० पिक्सेल मागे जात असेल तर एक पाऊल १६० पिक्सेलचं झालं.

पण घसरण्याचं खरं कारण बहुधा पुढचं असतं. चित्र २ फ्रेम धरलेलं असतं आणि पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला २० पिक्सेल सरकते. म्हणजे दर दुसऱ्या फ्रेमला जमीन पायाखालून निसटते. पार्श्वभूमीही २ फ्रेममध्ये एकदाच, ४० पिक्सेल सरकवा. ती धक्के घेत सरकतेय असं वाटलं तर चालण्याची मधली चित्रं वाढवून एकेका फ्रेमला एक चित्र द्या. तिसरा सोपा उपाय पात्र कमरेपासून वर दाखवण्याचा. टीव्ही कार्टूनमध्ये तो सर्रास वापरतात आणि त्यात काही गैर नाही.

प्रश्न: आवडत्या कार्टूनचं जुनं टीव्ही रेकॉर्डिंग फ्रेम-फ्रेम करून बघतो. काही फ्रेममध्ये दोन चित्रं एकात एक मिसळलेली दिसतात. ती तशीच काढलेली असतात का?

उत्तर: नाही. ती फिल्मवरून टीव्हीवर आणताना तयार होतात. सेकंदाला साधारण ३० फ्रेमच्या टीव्ही पद्धतीत फिल्मच्या दर ४ फ्रेमच्या ५ केल्या जातात आणि त्यातल्या २ मिसळलेल्या असतात. २५ फ्रेमच्या पद्धतीत बहुधा फिल्मच सुमारे ४ टक्के वेगाने चालवतात. तिथे मिसळ होत नाही, पण आवाज किंचित चढा येतो. अभ्यास करताना मिसळलेल्या फ्रेम वगळा.

तुमची सवय मात्र फार चांगली आहे, तिला वहीची जोड द्या. तीन सेकंदांचा तुकडा घ्या, ७२ ओळी आखा आणि धड, डोकं, तोंड, डोळे असे रकाने करा. ज्या फ्रेमला जे चित्र बदलतं तिथेच खूण करा. धडाच्या रकान्यात किती कमी खुणा येतात आणि त्या संवादातल्या कोणत्या शब्दावर येतात, हे बघा. व्यावसायिक ॲनिमेटर ज्याला एक्सपोजर शीट म्हणतात तो तक्ता असाच असतो. पुढचं स्वतःचं काम थेट त्यावर आखता येईल.

प्रश्न: फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर: अगदी सुरुवातीला पेन्सिलटूडी. ब्रशची मजा हवी असेल तर क्रिता. कागदावरची चित्रं स्कॅन करून रंगवायची असतील तर ओपनटून्झ, त्यात एक्सपोजर शीटही आहे. ते शिकायला जड जातं, पण या कामासाठी आम्ही तेच सुचवू.

प्रश्न: संपादन करून झाल्यावर शेवटी शेवटी तोंड आणि आवाज यांचा मेळ सुटतो. सुरुवातीला मात्र सगळं जुळलेलं असतं.

उत्तर: फ्रेमचा वेग दोन ठिकाणी वेगळा धरला गेला आहे. एका ठिकाणी २४ आणि दुसऱ्या ठिकाणी २३.९७६ असेल तर एका मिनिटाला ०.०६ सेकंदाचा, म्हणजे जवळपास दीड फ्रेमचा फरक पडतो. पाच मिनिटांत तो सात फ्रेमवर जातो आणि डोळ्याला खटकतो. २४ ची चित्रमालिका ३० च्या टाइमलाइनवर टाकली गेली असेल तर ३० सेकंदांचा प्रसंग २४ सेकंदांतच संपतो. चित्रमालिका आत घेताना संपादनाचं सॉफ्टवेअर स्वतःचाच वेग धरून बसतं, तो तिथेच बदला. आवाज ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा.

ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून थेट व्हिडिओ न काढता पीएनजी चित्रांची मालिका काढा. काम मध्येच बंद पडलं तरी झालेली चित्रं हातात राहतात, आणि एक तोंड चुकलं तर तेवढ्याच फ्रेम नव्याने काढता येतात. फाइलींना चार आकडी क्रमांक द्या, ०००१ पासून. नुसते १, २, ३ दिले तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० लावतात आणि पात्र भलत्याच क्रमाने हलू लागतं.