प्रशिक्षकाच्या अपेक्षा की प्रशिक्षकाकडून अपेक्षा?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर मराठीत लिहिताना 'नव्या मुख्य प्रशिक्षकाची दूरदृष्टी आणि अपेक्षा यांचे मूल्यमापन' हा मथळा चालेल का? आणि 'व्हिजन'ला दूरदृष्टीखेरीज दुसरा शब्द आहे का?

'मुख्य प्रशिक्षक' उत्तम आहे, क्रिकेटच्या बातम्यांनी तो रुळवलाच आहे. उरलेले तिन्ही शब्द अडतात, आणि सर्वांत जास्त अडतो तो 'अपेक्षा'.

'प्रशिक्षकाच्या अपेक्षा' वाचल्यावर मराठी वाचक एकच अर्थ घेतो: अपेक्षा बाळगणारा तो प्रशिक्षक. लेखाचा विषय मात्र बहुधा उलटा असतो. माजी विद्यार्थी, देणगीदार आणि चाहते यांना त्याच्याकडून काय हवं आहे, हे सांगायचं असतं. त्यासाठी 'कडून' लागतो. म्हणजे अपेक्षा कुणाची, कुणाकडून आणि कशाची, अशी तीन घरं भरावी लागतात: 'चाहत्यांची नव्या प्रशिक्षकाकडून विजेतेपदाची अपेक्षा आहे.' मथळ्यात एखादं घर रिकामं ठेवता येतं, पण 'कडून' गाळला तर अर्थ फिरतो.

चौथं घर शब्दाच्या पोटातच आहे. 'त्याच्यापेक्षा', 'गेल्या वर्षीपेक्षा' यांतला 'पेक्षा' हा संस्कृत 'अपेक्षा'पासूनच आलेला आहे. तुलना या शब्दाच्या अंगभूत आहे, आणि कॉलेज फुटबॉलमध्ये ती लख्ख दिसते. २०२४च्या हंगामात अलाबामा आणि कोलोरॅडो या दोन्ही विद्यापीठांच्या संघांनी ९ सामने जिंकले आणि ४ गमावले. अलाबामात मुख्य प्रशिक्षक म्हणून केलन डीबोर यांचं ते पहिलंच वर्ष. त्यांच्या आधी निक सेबन यांनी तिथे १७ हंगामांत ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती, त्यामुळे ९ विजय हा अपेक्षाभंग ठरला. कोलोरॅडोनं २०२२मध्ये फक्त १ सामना जिंकला होता आणि ११ गमावले होते. तो संघ डिऑन सँडर्स यांनी हाती घेतला, आणि दुसऱ्या वर्षी आलेले तेच ९ विजय अपेक्षेपेक्षा किती तरी जास्त वाटले. म्हणून 'प्रशिक्षक अपेक्षेला उतरला नाही' एवढंच लिहिलं तर वाक्य अर्धं राहतं. कशाच्या तुलनेत, ते त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात यायला हवं.

आकडेही जपून लिहावेत. अमेरिकी पद्धतीनं '९-४' लिहिलं की मराठी वाचक तो एका सामन्याचा गुणफलक समजतो. '९ विजय, ४ पराभव' असं लिहिलं की घोटाळा होत नाही.

आता समजा, खरोखर प्रशिक्षकाच्याच अपेक्षांविषयी लिहायचं आहे. पहिल्या बैठकीत तो खेळाडूंना 'एक्स्पेक्टेशन्स' सांगतो: सरावाला वेळेवर या, वर्ग बुडवू नका, व्यायामशाळा चुकवू नका. इथे 'अपेक्षा' फार मवाळ पडतो. 'आपण वेळेवर याल अशी अपेक्षा आहे' हे निमंत्रणपत्रिकेला शोभतं, कारण मराठीत अपेक्षा पुरी होईलच असं नसतं. प्रशिक्षक सांगतो ते मोडलं तर खेळाडू बाकावर बसतो. त्याला 'दंडक' किंवा 'शिस्त' म्हणावं आणि क्रियापद 'बजावणे' घ्यावं. त्याचं बोलणं थेट द्यायचं असेल तर '-यचं' रूप सर्वांत नेमकं: 'वेळेवर यायचं. वर्ग बुडवायचा नाही.'

हिंदीच्या वळणानं आलेलं 'अपेक्षांवर खरे उतरणे' टाळावं. मराठीत अपेक्षेला किंवा कसोटीला उतरतात. तसंच 'अपेक्षा सेट करणे' याऐवजी 'काय हवं ते आधीच स्पष्ट सांगणे' हे पुरेसं आहे.

'दूरदृष्टी'ची अडचण वेगळी आहे. हा गौरवाचा शब्द आहे आणि तो मागाहून दिला जातो. दूरदृष्टी असते, दिसून येते, पण ती पत्रकार परिषदेत 'मांडता' येत नाही. सेबन यांचाच पहिला हंगाम घ्या. २००७मध्ये ७ विजय, ६ पराभव, आणि त्यांतला एक घरच्या मैदानावर लुईझियाना-मन्रोसारख्या लहान संघाकडून, १४-२१ असा. २००९मध्ये त्याच प्रशिक्षकाच्या संघानं १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दूरदृष्टी हा शब्द २००९नंतर शोभतो. २००७च्या जानेवारीत, नेमणुकीच्या दिवशी, तो वापरणं म्हणजे निकाल आधीच देऊन टाकणं. 'द्रष्टा'चंही तेच.

नवा प्रशिक्षक मांडतो तो आराखडा: आक्रमणाची पद्धत कोणती, साहाय्यक कोण, शाळकरी खेळाडू किती घ्यायचे आणि दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले तयार खेळाडू किती. इतका तपशील नसेल आणि नुसती दिशा सांगितली असेल तर 'संघाविषयीचं चित्र' किंवा 'कल्पना' पुरते. 'स्वप्न' जपून वापरावा, कारण 'स्वप्नं दाखवणे' यात फसवणुकीची छटा आहे. 'दृष्टिकोन' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे बघण्याची रीत, तो 'व्हिजन'चा अर्थ नाही. आणि लिहायचाच असेल तर समासात 'ष्टि' ऱ्हस्व आणि शेवटी 'न'. 'दूरदृष्टी'त मात्र 'ष्टी' शेवटी येते म्हणून दीर्घ.

राहिलं 'मूल्यमापन'. चूक नाही, पण ते सरकारी अहवालातलं वाटतं. 'जोखणे' म्हणजे मुळात वजन करणे, त्यामुळे आकड्यांवर भर असेल तिथे तो शोभतो. माझी पसंती 'पारखणे'ला. 'पारख' हे 'परीक्षा'चंच बोलीत घासून झालेलं रूप, आणि 'परीक्षा' म्हणजे 'परि' अधिक 'ईक्ष्', सर्व बाजूंनी पाहणं. 'अपेक्षा'ही याच 'ईक्ष्'ची. शिवाय 'प्रतीक्षा' आणि 'उपेक्षा'सुद्धा.

चाहत्यांच्या बाजूनं लिहिलेल्या लेखाला 'नव्या प्रशिक्षकाचा आराखडा आणि त्याच्याकडून असलेल्या अपेक्षा: एक पारख' हा मथळा द्यावा. खेळाडूंना घातलेल्या नियमांवर लेख असेल तर 'नव्या प्रशिक्षकाचा आराखडा आणि त्याची शिस्त'.