जानेवारी नको, मृगात जा

प्रिय मावशी,
मी निवृत्त शिक्षिका, वय ५९. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. दर वर्षी दिवाळीनंतर चार दिवस गुहागरला जातो आणि परत यायच्या दिवशी माझे डोळे भरून येतात. आता कायमचं तिथेच राहायचं मनात आहे. व्याडेश्वराच्या देवळापासून जवळच एक कौलारू घर मिळतंय, मागे नारळी-पोफळी आहेत. इथला फ्लॅट विकला तर पैशांचं जमतं. पण मिस्टर अडून बसलेत, आधी महिनाभर भाड्याने राहून बघू म्हणतात. मी त्यालाही तयार झाले, जानेवारीत जायचं ठरलंय. मात्र घराचे मालक संक्रांतीपर्यंत विसार मागताहेत. पावसाळ्याचे चार महिने काय, नाशिकला मुलाकडे येऊन राहूच. बाकी काही अडचण नाही. मिस्टर आयुष्यभर असेच भित्रे. त्यांना कसं समजावू?
— एक वाचक, नाशिक

ताई,
मिस्टरांना समजवायचं काम मी करणार नाही. ते भित्रे आहेत की शहाणे, यातही मला पडायचं नाही. मी तुमच्या एकाच वाक्याशी थांबले: ‘पावसाळ्याचे चार महिने काय, नाशिकला मुलाकडे येऊन राहूच.’ दूधवाल्याला चार दिवस दूध नको म्हणून सांगावं, इतक्या सहज तुम्ही ते लिहिलंत. अहो, वर्षाचा तिसरा हिस्सा आहे तो!

फ्लॅट विकल्यावर नाशिकात तुमचं घर उरत नाही. उरतं ते मुलाचं, आणि ते तितकंच सुनेचं. दर वर्षी जूनमध्ये सासू-सासरे बॅगा घेऊन येणार आणि दसऱ्याच्या सुमारास जाणार, हे तिला ठाऊक आहे का? तिला विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेही नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पावसाळ्यात सोडून यायचं असं ठरवून घेतलेलं घर कोकणात टिकत नाही. वानरं कौलावरून उड्या मारतात, एखादं कौल सरकतं. घरात माणूस असेल तर त्याला पहिल्याच सरीत ठिबक दिसते, तो खाली पातेलं ठेवतो आणि उघडीप मिळाली की कौल बसवून घेतो. घर बंद असेल तर तेच पाणी वाशात मुरतं, भिंतीला ओल धरते, गाद्यांवर बुरशी चढते आणि वाळवी लागते. मुंबईकरांची बंद घरं तुम्हीही गुहागरला पाहिली असतील, माजघराचं छप्पर खाली बसलेली. त्या घराला माणसाची सगळ्यात जास्त गरज असते ती याच चार महिन्यांत.

नाशिककरांना पाऊस आवडतो, हे मी जाणून आहे. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला आपण घाटावर जातो. आणखी हौस असली तर त्र्यंबक नाहीतर इगतपुरी गाठतो, भिजतो, कणीस खातो आणि संध्याकाळी कोरड्या घरी परततो. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३००० च्या वर, आणि बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. दिवसच्या दिवस ऊन पडत नाही. कपडे वाळत नाहीत, पापडाचा डबा उघडला की तासाभरात पापड मऊ. यांत्रिक बोटी जून-जुलैत बंद असतात, त्यामुळे मासळी म्हणजे सुकट-बोंबील किंवा खाडीत मिळेल ते. गावातले लोक लावणीत गुंतलेले. वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. मोठ्या दुखण्याला चिपळूण किंवा डेरवण गाठायचं. चिपळूणचा रस्ताच चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा, तोही त्या पावसातला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठच बुडाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जूनला, निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या.

जानेवारीत यातलं काही दिसणार नाही. कोवळं ऊन, शांत समुद्र, आंब्याला मोहोर. ते गुहागर तुम्हाला आवडतंच, त्याची परीक्षा कशाला घ्यायची? त्या महिन्याने मिस्टरांना पटेल आणि तुम्ही विसार द्याल, पण तुम्हाला जे कळायला हवं ते कळणार नाही.

म्हणून जानेवारी रद्द करा. मृग लागला की जा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिथेच राहा. मधे नाशिकला यायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी. पर्यटकांसारखं नाश्ता-जेवण आयतं मिळतं तिथे उतरू नका. आपलं गॅसचं सिलिंडर, आपली भाजी, विजेचं बिल आपण भरायचं, असं घर घ्या. तुम्हाला समुद्र किती हवासा आहे हे तुमच्या पत्रात ओळीओळीला जाणवतं, आणि ती ओढ मला खरी वाटते. म्हणूनच सांगते, आषाढात रात्रभर झड लागते आणि समुद्र नुसता गर्जत असतो, ते ऐकत तिथे झोपून बघा. सकाळी उठून तुम्हाला तिथेच चहा टाकावासा वाटला, तर मिस्टरांना वेगळं समजवावं लागणार नाही. त्या दिवसांत कोणती शेजारीण कंदील घेऊन येते, तेही कळेल. जानेवारीत सगळे पाहुण्यांसारखंच वागवतात.

मालकांना आजच फोन करा आणि सांगा, श्रावणानंतर बोलू. तोवर घर दुसऱ्याने घेतलं तर घेऊ दे. फ्लॅटची जाहिरात दिली असेल तर तीही काढा. मधल्या काळात सातबारा वकिलाला दाखवून घ्या. कोकणात एकेका उताऱ्यावर चुलत भावांची, आत्यांची नावं असतात आणि एकाची सही राहिली तरी व्यवहार अडतो. मागची बाग शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, तर तुमच्यापैकी कोणी शेतकरी खातेदार आहे का, हा प्रश्न आधी येईल.

जूनमध्ये गुहागरला पर्यटक उरत नाहीत, दोन-अडीच महिन्यांसाठी घर मिळणं अवघड जाऊ नये. आत्तापासून बोलून ठेवा. छपराची शाकारणी मे महिन्यात करून देणार का, एवढं मात्र त्या भाड्याच्या घराच्या मालकाला नक्की विचारा.